बावीस विजय, एकेचाळीस होमरन: क्लीव्हलंडच्या बॅटिंगचे ते तीन आठवडे

इरीकाठ

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाच्या सलग २२ विजयांचा विषय निघाला की बोलणं थेट पिचिंगवर (चेंडूफेकीवर) जातं. ते योग्यच आहे. २४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०१७ या काळात क्लूबर, कारास्को, बावर, क्लेव्हिंजर या मंडळींनी समोरच्यांना २२ सामन्यांत मिळून फक्त ३७ धावा दिल्या आणि ७ सामन्यांत तर एकही नाही. पण त्याच सामन्यांत आमच्या बॅटर्सनी १४२ धावा केल्या, ४१ होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे, मारणारा चारही बेस फिरून घरी) मारले. प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण धावांपेक्षा आमचे नुसते होमरनच जास्त! या बाजूबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना बेसबॉल नवा आहे त्यांच्यासाठी: एप्रिल ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज. अगदी अव्वल संघही त्यातले ६० च्या आसपास हरतो. क्लीव्हलंडचा त्या वर्षीचा शेवटचा हिशोब १०२-६० (विजय-पराभव) होता. ज्या खेळात चांगल्या संघालाही आठवड्यातून दोनदा हरायची सवय असते, तिथे तीन आठवडे न हरणं म्हणजे काय ते यावरून लक्षात येईल. (संघाचं नाव तेव्हा इंडियन्स होतं, २०२२ च्या मोसमापासून गार्डियन्स. मी धाग्यात क्लीव्हलंडच म्हणतो.)

२३ ऑगस्टला संघ ६९-५६ होता. बरा, पण डोळे दिपावेत असा नाही. आदल्या वर्षी शिकागो कब्जविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना दहाव्या इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढे) ८-७ ने हरल्याचं दुःख होतंच. शेवटचं विजेतेपद १९४८ चं. त्यात मायकल ब्रँटलीचा घोटा गेला, जेसन किपनिसचा हॅमस्ट्रिंग, अँड्र्यू मिलरचा गुडघा. ब्रँटलीची जागा भरायला ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून जे ब्रूसला आणलं. किपनिस नाही म्हणून होजे रामिरेझ तिसऱ्या बेसवरून दुसऱ्या बेसवर गेला आणि तिसऱ्यावर उर्शेला आला. म्हणजे हा काही पूर्ण ताकदीचा संघ नव्हता.

सुरुवात बोस्टनविरुद्ध झाली. समोर ख्रिस सेल, त्या मोसमात ३०८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) काढणारा डावखुरा पिचर. त्याला तीन इनिंगमध्येच मैदान सोडावं लागलं, सामना १३-६. त्या दिवशी आपल्याकडे हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मग कॅन्सस सिटीविरुद्ध ४-०, ४-०, १२-०. न्यूयॉर्कला जाऊन यँकीजना तीनदा हरवलं. डेट्रॉइटमध्ये चार, शिकागोत व्हाइट सॉक्सविरुद्ध चार. अनंत चतुर्दशीला, म्हणजे ५ सप्टेंबरला, तेरावा विजय झाला होता आणि आमच्या ओहायोतल्या मराठी घरांमध्ये आरतीनंतर लोक फोनवर स्कोअर बघत होते. ज्यांना बेसबॉलचं काही सोयरसुतक नव्हतं तेसुद्धा.

आता रामिरेझ. ३ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये त्याने एका सामन्यात पाच एक्स्ट्रा-बेस हिट (एका फटक्यात एकाहून जास्त बेस) मारले: दोन होमरन आणि तीन डबल, म्हणजे दोन बेसचे फटके. मेजर लीगच्या इतिहासात एका सामन्यात यापेक्षा जास्त कुणीच मारलेले नाहीत. त्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. त्यातला एक होमरन तर डेट्रॉइटच्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हला लागून भिंतीपलीकडे गेला. नशीब म्हणा हवं तर, पण बाकीच्या चार फटक्यांत नशिबाचा काही वाटा नव्हता. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा हा मुलगा क्लीव्हलंडने ५०,००० डॉलरला करारबद्ध केला होता, जी रक्कम या व्यवसायात किरकोळ समजतात. २०१६ मध्ये त्याचे ११ होमरन होते, २०१७ मध्ये २९. शिवाय ५६ डबल, त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल, मेजर लीगचे दोन भाग) सर्वाधिक. आणि हे सगळं करताना अख्ख्या मोसमात स्ट्राइकआउट फक्त ६९. जोरात मारणारे खूप असतात आणि चेंडू न चुकवणारेही असतात. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या संघाची बॅटिंग एका हिरोवर उभी नव्हती. लिंडोर, रामिरेझ, एन्कार्नासिऑन, ब्रूस, सांताना… पिचरला श्वास घ्यायला जागाच नव्हती. तुम्हा लोकांना काय वाटतं?

मीनल_१९

वाचतेय! सुंदर लिहिलंय. एक प्रश्न: काही जणांबद्दल 'स्विच हिटर' असं वाचलं. म्हणजे ते दोन्ही हातांनी खेळतात का? आपल्याकडे माणूस जन्मभर डावा किंवा उजवाच खेळतो.

इरीकाठ

मीनलताई, हो, अगदी तसंच. आणि या धाग्यातला तो कळीचा मुद्दा आहे. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून दूर पळतो, तोच डाव्या बॅटरकडे आत येतो. त्यामुळे बॅटरला सहसा विरुद्ध हाताचा पिचर सोपा जातो. सामना अडला की मॅनेजर बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या ताफ्यातून) नेमका नको त्या हाताचा पिचर आणतो. स्विच हिटर सरळ प्लेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि तो डाव वाया जातो.

क्लीव्हलंडकडे असे तीन नियमित बॅटर होते: लिंडोर, रामिरेझ, कार्लोस सांताना. मध्ये उजवा एन्कार्नासिऑन, डावा ब्रूस. समोरच्या मॅनेजरने सातव्या-आठव्या इनिंगमध्ये कुणाला आणायचं?

आकडेमोडे

धागा आवडला, पण 'बॅटिंग बहरली' हे जरा तपासून घेऊ या. बावीसही सामन्यांचे स्कोअर कागदावर मांडले. नऊ किंवा त्याहून जास्त धावा झालेले सामने आठ: १३, १२, ९, १०, ११, ९, ११, ११. बेरीज ८६. उरलेल्या १४ सामन्यांत ५६ धावा, म्हणजे सामन्याला बरोबर ४.

आता मोसमाचं बघा. क्लीव्हलंडने वर्षभरात ८१८ धावा केल्या. त्यातून या १४२ काढल्या तर उरलेल्या १४० सामन्यांत ६७६, म्हणजे सरासरी ४.८३. याचा अर्थ असा की २२ पैकी त्या १४ सामन्यांत मिळून त्यांची सरासरी नेहमीपेक्षा कमीच होती, आणि तरी ते सगळे जिंकले. ते सामने पिचिंगनेच जिंकले ना?

इरीकाठ

आकडेमोडे, मांडणी मनापासून आवडली, पण यात एक मेख आहे. सगळ्यांत मोठे आठ सामने आधीच बाजूला काढले की उरलेल्यांची सरासरी कुठल्याही संघाची खालीच येणार. विचारायचं ते असं, की असे मोठे सामने किती वेळा आले? २२ मध्ये ८. दर तिसऱ्या सामन्याहून जास्त वेळा नऊ किंवा अधिक धावा करणं कुठल्याच संघाच्या रोजच्या जमाखर्चात बसत नाही.

आणि त्या मोठ्या सामन्यांचा उपयोग दुसऱ्या दिवशी होत होता. ११-२, १२-० असा सामना असेल तर शेवटच्या इनिंगना बुलपेनमधले बिनीचे पिचर वापरावेच लागत नाहीत. मिलर जखमी असताना हे सोन्यासारखं होतं. दोन दिवस तर डबलहेडर होते, एकाच दिवशी दोन सामने. ३० ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये २-१ आणि ९-४. १ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ३-२ आणि १०-०. दोन्ही दिवशी एक सामना एका धावेने आणि एक भरघोस फरकाने. दोन्ही सामने अटीतटीचे झाले असते तर पिचर पुरले असते का? मला तर नाही वाटत. मॅनेजर टेरी फ्रँकोना बुलपेन जपून वापरण्यात मुरलेला माणूस, पण जपायला आधी संधी लागते, आणि ती बॅटर्सनी दिली.

आकडेमोडे

हे पटलं. मग वाटणीच करून टाकू. मालिकेबाहेर क्लीव्हलंडने सामन्याला ३.७६ धावा दिल्या, मालिकेत १.६८. म्हणजे पिचिंगमुळे साधारण २.१ धावांचा फायदा. बॅटिंग ४.८३ वरून ६.४५ वर, म्हणजे १.६ चा फायदा. पिचिंगचा वाटा मोठा, पण बॅटिंगचाही चाळीस टक्क्यांहून जास्त. होमरनचं प्रमाण बघितलं तर मालिकेत सामन्याला १.८६, बाहेर १.२२. एवढी उडी योगायोगाने तीन आठवडे टिकणं अवघड आहे. बॅटिंगला कमी लेखू नये हे तुमचं म्हणणं मान्य.

डेट्रॉइटकर

आमची बाजू पण ऐका. क्लीव्हलंडने त्या २२ पैकी ७ सामने आमच्या टायगर्सविरुद्ध जिंकले. ३१ ऑगस्टच्या रात्री आमचा जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला गेला, त्याच दिवशी जस्टिन अपटन एंजल्सकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर संघ मोडलेला, आणि दिवसभरात क्लीव्हलंडविरुद्ध दोन सामने. त्या मोसमात आम्ही ६४-९८ राहिलो. व्हाइट सॉक्स ६७-९५, बाल्टिमोरचे ओरिओल्स ७५-८७, कॅन्सस सिटीचे रॉयल्स ८०-८२. म्हणजे २२ पैकी १८ विजय अशा संघांविरुद्ध, ज्यांनी मोसम निम्म्याहून कमी विजयांवर संपवला. बॅटिंग बहरली हे खरं, पण कुणासमोर बहरली तेही लिहायला हवं.

तरी एक सांगतो. ११ सप्टेंबरचा ११-० आणि १२ तारखेचा २-० हे दोन्ही सामने मी टीव्हीवर पूर्ण बघितले. दुसऱ्या दिवशी लिंडोरने पहिल्याच इनिंगच्या सुरुवातीला होमरन मारला आणि क्लूबरने नऊच्या नऊ इनिंग टाकून आम्हाला एकही धाव करू दिली नाही. तो विसावा विजय. चाहता म्हणून जीव तुटत होता, पण बेसबॉल म्हणून इतकं स्वच्छ खेळलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

इरीकाठ

डेट्रॉइटकर, तुमची दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि तुम्ही ते सामने शेवटपर्यंत बघितलेत याबद्दल आदर वाटतो. प्रतिस्पर्धी कमकुवत होते, मान्य. पण बोस्टनने त्या वर्षी ९३ सामने जिंकले, यँकीजनी ९१, आणि त्यांच्याविरुद्धच्या चार सामन्यांत क्लीव्हलंडच्या ३० धावा आहेत. शिवाय कमकुवत संघांविरुद्ध प्रत्येकालाच खेळायचं असतं, त्यांच्याविरुद्ध अठराच्या अठरा कुणी जिंकत नाही.

नाना वऱ्हाडी

भाऊ, आकडे वाचून मजा आली. पण स्टेडियममधलं वातावरण कसं असायचं ते सांगा ना. आमच्या जामठ्याला मॅच असली की अर्धं नागपूर तिकडं. तिथं पण तसंच होतं का?

इरीकाठ

नाना, प्रोग्रेसिव्ह फील्ड गावाच्या मधोमध आहे, ऑफिसं सुटली की लोक चालत जातात. आणि तिथे ढोल होता! जॉन अॅडम्स नावाचे एक चाहते २४ ऑगस्ट १९७३ पासून शेवटच्या बाकांवर बसून मोठा ढोल वाजवायचे. ढोलासाठी वेगळं तिकीट काढायचे. आपला संघ बॅटिंगला असला आणि कुणी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोचलं की ढोल सुरू. योगायोग बघा, २२ विजयांची ही मालिकासुद्धा २४ ऑगस्टलाच सुरू झाली. अॅडम्स २०२३ च्या जानेवारीत गेले. आम्ही मराठी माणसं त्या आवाजाने अर्थातच खूश. गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका.

आणखी एक पाहण्यासारखं म्हणजे एडविन एन्कार्नासिऑनचा पोपट. होमरन मारला की तो एक हात कोपरात वाकवून आडवा धरून चारही बेसना फेरी मारायचा, जणू हातावर पोपट बसलाय. क्लीव्हलंडने त्याला तीन वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊन आणलं होतं, हात आखडता घेणाऱ्या या संघासाठी फार मोठी रक्कम. त्या वर्षी त्याने ३८ होमरन मारले. पोपट पुष्कळदा फिरायला निघाला!

शिवाजीपार्क

लाजवाब धागा. वाचताना स्टीव्ह वॉच्या ऑस्ट्रेलियाची आठवण झाली. सलग १६ कसोटी जिंकून २००१ मध्ये कोलकात्याला आले होते, आणि तिथे लक्ष्मणच्या २८१ ने ती मालिका थांबली. जिंकत राहणाऱ्या संघाची एक वेगळीच चाल असते. आम्ही मुंबईवाले तर सलग १५ रणजी करंडकांच्या गोष्टी ऐकत वाढलो. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. मोठ्या फरकाने जिंकताना सगळेच चांगले दिसतात. कधी हरायला आलेला सामना या बॅटर्सनी ओढून आणला का?

इरीकाठ

शिवाजीपार्क, याच प्रश्नाची वाट बघत होतो. बाविसावा सामना!

आदल्या दिवशीच्या दुपारच्या सामन्यात ब्रूसने पहिल्याच इनिंगमध्ये तीन धावांचा होमरन मारला होता आणि ५-३ अशा विजयाने अमेरिकन लीगचा विक्रम झाला होता. त्याआधीचा विक्रम २००२ च्या ओकलंडचा, सलग २०. म्हणजे १४ सप्टेंबरला विक्रमाचं ओझं उतरलेलं होतं, हरले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. समोर कॅन्सस सिटी. नवव्या इनिंगपर्यंत क्लीव्हलंड १-२ असं मागे. दोन आउट. लिंडोरवर दोन स्ट्राइक. समोर केल्विन हेरेरा, आग ओकणारा पिचर. पहिल्या बेसवर पर्यायी धावपटू एरिक गोन्झालेझ. आणखी एक स्ट्राइक की संपलं.

लिंडोरने डाव्या बाजूला उंच फटका मारला. लेफ्टफील्डला अॅलेक्स गॉर्डन, ज्याच्यासारखा क्षेत्ररक्षक त्या जागी शोधून सापडणार नाही. तो धावत भिंतीपाशी गेला, उडी मारली, चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या वरून भिंतीवर आपटला. गोन्झालेझ पहिल्या बेसवरून निघालेला, तो थेट घरी. २-२. मी वरच्या मजल्यावर उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली.

दहाव्या इनिंगमध्ये रामिरेझ पहिला. त्याचा फटका खरं तर एका बेसचाच होता. पण तो पहिल्या बेसवर थांबलाच नाही. क्षेत्ररक्षक चेंडू उचलेपर्यंत दुसऱ्यावर जाऊन पोचला. मोसमातला हा १४७ वा सामना, विक्रम आधीच झालेला, आणि हा माणूस असा धावतोय! एन्कार्नासिऑनला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळाला. मग ब्रूसने उजवीकडे सिंगल (एका बेसचा फटका) मारला, रामिरेझ घरी, ३-२. बावीस.

मला विचाराल तर सगळ्या ४१ होमरनपेक्षा रामिरेझने धावून मिळवलेला तो एक बेस मोठा आहे. त्याच्यामुळेच ब्रूसचा साधा सिंगल पुरला.

मीनल_१९

अंगावर काटा आला. पुढे काय झालं? विजेतेपद मिळालं का?

इरीकाठ

नाही, ताई. १५ तारखेला त्याच कॅन्सस सिटीकडून ४-३ ने हरले. सामना संपल्यावर लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतरही संघ जिंकतच राहिला, २४ ऑगस्टपासून मोसम संपेपर्यंत ३७ पैकी ३३ विजय.

प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) यँकीज समोर आले. पाचपैकी तीन जिंकायचे होते. पहिले दोन आम्ही जिंकले. दुसऱ्यात तर ३-८ मागे असताना लिंडोरने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, एकदम चार धावा) मारला आणि तेराव्या इनिंगमध्ये ९-८ ने सामना खेचून आणला. पण त्याच सामन्यात एन्कार्नासिऑनचा घोटा दुखावला. नंतरच्या तीन सामन्यांत मिळून क्लीव्हलंडच्या धावा किती? पाच. लिंडोर आणि रामिरेझ दोघांचे मिळून अख्ख्या मालिकेत ३८ प्रयत्नांत ४ हिट. पिचिंगवरच सगळं चालायचं असं म्हणणाऱ्यांनी हे तीन सामने जरूर बघावेत. त्यातला एक सामना आम्ही ०-१ असा हरलो. पिचर्सनी एकच धाव दिली, आणि तरीही हरलो. बॅटिंग आटली की तो संघ काय होता आणि सप्टेंबरमध्ये बॅटिंगने किती भार उचलला होता, हे मला त्या ऑक्टोबरमध्ये नीट कळलं.

डेट्रॉइटकर

लांब मालिका जिंकलेल्या संघांचं असं बऱ्याचदा झालंय. ओकलंडने २००२ मध्ये १०३ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून गेले. १९३५ चे शिकागो कब्ज सलग २१ जिंकून वर्ल्ड सिरीजला आले, आणि आमच्या डेट्रॉइटने त्यांना हरवलं. :)

नाना वऱ्हाडी

मग क्लीव्हलंडचे २२ हा सगळ्यांत मोठा विक्रम झाला का? कुठंतरी २६ असं वाचलं होतं.

आकडेमोडे

नाना, २६ हा न्यूयॉर्क जायंट्सचा, सप्टेंबर १९१६. पण त्यात मध्ये एक सामना बरोबरीत सुटला होता. तेव्हा मैदानावर दिवे नव्हते, अंधार किंवा पाऊस आला की सामना तसाच थांबवायचे. अधिकृत नोंदीत बरोबरीचा सामना धरत नाहीत, म्हणून २६ हाच विक्रम मानतात. मध्ये बरोबरीसुद्धा नको असं म्हटलं तर गेल्या शंभर वर्षांत क्लीव्हलंडच्या पुढे कुणी नाही. जायंट्सचे ते सगळे सामने घरच्या मैदानावर होते आणि एवढं करून ते त्या वर्षी लीगमध्ये चौथे आले.

इरीकाठ

आणि क्लीव्हलंडचे २२ पैकी ११ परक्या मैदानांवर, तेही सलग: न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो. त्या ११ सामन्यांत ७६ धावा. सामन्याला जवळजवळ सात. घरी मात्र ११ सामन्यांत ६६. आकडेमोडे, प्रवासात बॅटिंग अशी वर कशी गेली यावर तुमचं काय म्हणणं आहे? ब्रूस आणि सांतानाच्या फटक्यांना यँकी स्टेडियमची उजवीकडची जवळची भिंत सोयीची, हे एक कारण असू शकतं, पण तिथे तर तीनच सामने होते.